गिरजाबाईंच्या रानातली कंटूर

“ही रेघ माझ्या रानातनं वाकडीतिकडी का गेलीया? आदुगर समजून सांग, मगच कुदळ लाव.”

गिरजाबाई चुन्याच्या फक्कीवर पाय रोवून उभ्या होत्या. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट, अणदूरचं शिवार. मी बांधबंदिस्तीच्या खात्यात नवाकोरा असिस्टंट, अजून कायम न झालेला. दुसऱ्या दिवशी साहेब लाइन बघायला येणार होते, आणि ही म्हातारी संमतीच्या कागदावर अंगठा देईना.

मी पाठ केलेली व्याख्या फेकली. “समान उंचीच्या बिंदूंना जोडणारी काल्पनिक रेषा म्हणजे कंटूर.”

“काल्पनिक हाय तर माझ्या रानात कशाला आखलीस?”

स्टाफ, म्हणजे फुटांच्या खुणांची उंच पट्टी, धरणारा महादू मिशीत हसला. मला असा संताप आला!

“आजी, बांध एका पातळीत पाहिजे. नाहीतर पाणी सखल टोकाला साचतं, बांध फुटतो आणि खालची ज्वारी मातीसकट जाते.”

“खालची ज्वारी माझीच की! मग पातळी कशी वळखलीस ते दाव.”

तिपाईवर लेव्हल होती. ही दुर्बीण नाकासमोर सरळ बघते, वर नाही की खाली नाही. गिरजाबाईंनी डोळा लावला आणि किंचाळल्या, “अगं बया! महादू उलटा लटकलाय!”

त्या काळच्या लेव्हलमध्ये सगळं उलटंच दिसायचं. हे कुणाला सांगणार? मी हात टेकले. पुस्तक गेलं खड्ड्यात म्हटलं आणि स्वतःच ताठ उभा राहिलो.

“माझा डोळा म्हणजे दुर्बीण. सरळ बघितलं की महादूची हनुवटी दिसते. तो वर चढला तर छाती दिसंल, खाली उतरला तर टोपी. जिथं जिथं हनुवटीच दिसते, ती सगळी जमीन एका पातळीत. तसं स्टाफवर पाच फूट दिसले की मी खूण करतो.”

“आस्सं व्हय! मग त्या बाभळीपल्याड कसं दिसलं?”

“नाही दिसलं. दुर्बीण पुढं खालच्या अंगाला नेली, आणि तिथनंही पाच फुटांवरच खुणा केल्या.”

“तू खाली गेलास तर तुजा डोळा बी खाली गेला की रं लेकरा! मग हनुवटी कशी चालंल?”

मी दुर्बीण पुन्हा खाली मांडली, महादूला अलीकडच्या शेवटच्या खुणेवर उभा केला. स्टाफवर पाच नव्हे, तीन फूट; म्हणजे दुर्बीणच दोन फूट खाली आली होती. तिच्यासोबत बाभळीपुढची सगळी लाइनही तेवढीच घसरली होती. परीक्षेत मी या विषयात पहिला आलो होतो!

संध्याकाळपर्यंत लाइन नव्यानं आखली. ती वर सरकली आणि गिरजाबाईंच्या रानाच्या मधोमध गेली.

“गप बसले असते तर नुसता कोपराच गेला असता,” त्या करवादल्या. “लई श्यानी म्या!” पण अंगठा दिला.

सकाळी साहेबांनी विचारलं, “ही पुसलेली रेघ कसली?”

मी तोंड उघडायच्या आत गिरजाबाई म्हणाल्या, “ती शिकताना काढल्याली हाय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, पण लाइन पास केली. पावसाळ्यात बांध टिकला, ज्वारी टिकली, मीही कायम झालो. पुढं लाइन आखली की बांधाखाली ज्याचं पीक असेल, त्याला आधी समजावून सांगायचो. साहेब नुसती सही करतात, तो प्रश्न विचारतो.