मेल आधी मोठ्या भावाला

माझी फजिती मीच सांगून टाकतो. धाकट्याच्या तोंडून ऐकाल, तर वर मीठमसाला पडलेला असेल.

लोहाऱ्याला आमची दोघा भावांची डाळमिल. ऑफिसच्या ईमेलवर काही आलं की मला आणि धाकट्या प्रकाशला एकदमच येणार. मी चष्मा शोधेपर्यंत हा उत्तर देऊन मोकळा! आता सांगा, लग्नपत्रिकेवर आधी नाव कोणाचं असतं?

आमचा सर्व्हर सांभाळतात मनीषाताई. त्यांना म्हटलं, "ताई, मेल आधी मले येऊ द्या. मी हो म्हटल्यावरच प्रकाशले."

"भाऊ, सर्व्हर सगळ्यांसंग सारखा वागते, म्हणून तर त्याचा भरवसा. त्याले मानपान कायले शिकवता? तुमी गावाले गेले का मेल अडकन."

"ताई, गिऱ्हाईक कोण? मी का तुमी?"

बाईंनी पुढे वाद घातला नाही. सांगितलं तस्सं करून दिलं. पंधरा दिवस मी राजा होतो. प्रकाश मेलसाठी माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहायचा.

मग महागावला भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. दोन दिवस पंगती, व्याही, फोटो. मेल कोण बघतो? परत आलो तर प्रकाशचं तोंड उतरलेलं. तुरडाळीची वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर यायची होती, होकार त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचा होता आणि मेलचा पत्ता नव्हता.

माझं डोकंच फिरलं. ताईंना बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं, "बंद पडला ना तुमचा सर्व्हर?"

ताईंनी शांतपणे माझाच कॉम्प्युटर उघडला. "परवाच येऊन बसला मेल, भाऊ. तुमच्या होकाराची वाट पाहून राह्यला."

मी मुकाट्याने हो दाबलं. प्रकाशने घाईघाईने उत्तर धाडलं आणि ऑर्डर हातची जाता जाता वाचली. खरं सांगतो, मनातून मी त्या बाईला हात जोडले. ती आणि तिचा सर्व्हर, दोघंही शब्दाचे पक्के. सांगितलेल्यात तसूभर फरक नाही. पण जीभ माझी, ती कुठे गप्प बसते?

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"परवाच फोन केलता, भाऊ. तुमी म्हणले, साक्षगंधात आहो, फोनवर कायले, मेल करा."

आणि त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ऑर्डरच्या अगदी वरच त्यांचा मेल होता, परवाचाच: 'भाऊ, तुमच्याकडे एक मेल अडकला आहे. लवकर उघडा.'

तोही मी उघडला नव्हता.