तेवीस तारा आणि एक हाक

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. आमच्या बेटावरच्या बो बासें गावात माझं दुकान होतं. पेटीतून आवाज आला की मागचं झाकण उघडायचं आणि तो कुठून येतो ते शोधायचं, हाच माझा धंदा. आमच्या नात्यात कुणाला चिंचेखाली बाई दिसायची, कुणाला सिक्लोनच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या, आदल्या दिवशी नाव घेऊन कुणी बोलवायचं... मी हसायचो. या सदरात तुम्ही लिहिलेले अनुभव वाचतानाही, खरं सांगतो, निम्म्या वेळा मला त्यात वायरिंगचा दोष दिसतो.

तरी आज मीच लिहायला बसलोय, कारण गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियाहून एक पत्र आलं. माझा मावसभाऊ लक्सुमन तिकडे वारला. आम्ही त्याला लक्सू म्हणायचो. पत्र त्याच्या मुलीचं, सुनीताचं, फ्रेंचमध्ये. पाकिटात दोऱ्याचा एक तुकडा होता, त्याला अर्धी गाठ. ‘हा पप्पांच्या पैशाच्या पाकिटात सापडला,’ तिने लिहिलं होतं. ‘पप्पा म्हणायचे, त्यांनी एकदा यंत्रातून आजोबांचा आवाज काढला होता आणि कुणी विश्वास ठेवला नाही. तुम्ही तो ऐकला होता का?’

हा प्रश्न मला आयुष्यात आधी दोनदा विचारला गेलाय. दोन्ही वेळा मी खोटं उत्तर दिलं.

१९७६ ची गोष्ट. शेजारच्या रेयुनियन बेटावरून आलेला एक वादक किनाऱ्यावरच्या हॉटेलात वाजवायचा. सिक्लोनमध्ये छपरातून पाणी आलं, त्याचं यंत्र भिजलं, ते त्याने माझ्याकडे दुरुस्तीला टाकलं आणि पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही. कपाटाएवढी लाकडी पेटी. तोंडावर चाळीसेक नॉब, त्याहून जास्त भोकं, एक छोटा कीबोर्ड आणि गोणपाटात करड्या तारांचा गुंता. मॉड्युलर सिंथेसायझर. मी नावसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा वाचलं.

वाळवली, झाळली, चालू केली. दिवे लागले, पण पहिले तीन आठवडे पेटीने चकार शब्द काढला नाही. आम्हाला वाटत होतं हे हार्मोनियमसारखं असेल, पट्टी दाबली की सूर. तसं नव्हतं. एक डबा सूर करतो, तो ऑसिलेटर. दुसरा त्याला घासूनपुसून घेतो, तो फिल्टर. तिसरा दार उघडतो आणि लावतो. पण हे डबे एकमेकांना ओळखतच नाहीत. तारेने जोडून द्याल तेव्हा त्यांची ओळख. एका रविवारी आम्ही सकाळपासून जोडत बसलो, दुपारी शेजारचा येऊन म्हणाला, “स्पीकरची तार कुटं हाय?” ती लावलीच नव्हती.

आम्ही म्हणजे मी आणि लक्सू. तो बेटाच्या दक्षिण टोकाला सूयाकला राहायचा, कोळ्यांची जाळी विणायचा, आणि दर रविवारी दोन बस बदलून माझ्याकडे यायचा. मी इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवायचो; कान त्याचा. तारा सगळ्या एकसारख्या दिसायच्या आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याने प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना जाळ्याचा दोरा बांधला आणि गाठी मारल्या. गाठी मोजल्या की कुठली रांग आणि कुठलं भोक ते कळायचं. मी चिडवलं.

“हे यंत्र हाय, लक्सू, मासे धरायचे नायत.”

“हस, दादा, हस. तुजा पुस्तक पाण्यात पडला तर लगदा होईल. माजी गाठ भिजली की घट्ट होते.”

एकदा पुस्तिकेत मी वाचलं, की ऑसिलेटर कधी थांबत नाही. यंत्र चालू आहे तोवर तो आत सूर करतच असतो. पट्टी सोडली की आवाज बंद होत नाही, फक्त दार लागतं. लक्सूने मला ते दोनदा वाचायला लावलं.

“म्हंजे कोन ऐकत नसला, तरी तो आत वरडतच असतो?”

“हो.”

त्याने पेटीला कान लावला. मग म्हणाला, “दादा, मी बापूसचा आवाज काडनार.”

त्याचे वडील, माझे काका, सूयाकच्या झाकरीच्या नाचात पुढे गाणारे. गणपतीत गडी पायात घुंगरू बांधून गोल धरून उभे राहायचे, ढोलकी थांबायची, आणि काका आधी एकदा खोकून मग लांब हाक घालायचे, “हो...ओ...” ती हाक मध्यावर फाटायची, सुकलेला बांबू फाटावा तशी. मग झाकरी सुरू. काका जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांचा आवाज कुणीच कधी टेप केला नव्हता. तेव्हा कुणाकडे टेप होता? मावशीला आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ती एकदा लक्सूला म्हणाली होती, “त्यांचा तोंड आठवतो रे. आवाज नाय आठवत.”

एवढंच कारण. त्यासाठी तो तीन वर्षं रविवारी येत राहिला.

१९७९ साली, एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास, त्याला तो सापडला. तेवीस तारा लावलेल्या, नॉबांच्या खुणा खडूने केलेल्या. त्याने एक पट्टी दाबली... आणि माझ्या दुकानात काका उभे राहिले. तेच ते, मध्यावर फाटणारं. माझ्या हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली पडला, टेबलावर त्याचा डाग अजून आहे. लक्सू रडत होता आणि हसत होता.

“आयो, दादा! ऐकलास?”

“ऐकला.”

“आता हात लावू नको हां. येत्या रविवारी आयला घेऊन येतो. काय पन झाला तरी तारा काडू नको.”

ज्यांनी अशी यंत्रं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: त्यात आवाज साठवता येत नाही. तारा काढल्या, नॉब फिरवले, की तो आवाज गेला. मग फक्त तुमच्या खुणा.

बुधवारी उत्तरेकडच्या एका हॉटेलचा मॅनेजर यंत्र बघायला येणार होता. त्याला बँडसाठी वाजवणारा हवा होता. मला ते काम हवं होतं, फार हवं होतं. मस्ये, म्हणजे तो साहेब, येणार आणि पेटीवर दोरे लोंबतायत, खडूच्या रेघा मारलेल्या... मला लाज वाटली. आणि त्याला रॉकेट उडाल्यासारखे आवाज ऐकायचे होते, म्हाताऱ्याची हाक नको होती. मी तेवीसच्या तेवीस तारा उपटल्या. दोरे कात्रीने कापले. खडू स्पिरिटने पुसला. मनात म्हटलं, तीन वर्षं शेजारी बसून बघितलंय, गुरुवारी परत लावीन.

गुरुवारी लागलं नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी मी जेवलोही नाही. शिट्ट्या निघाल्या, भुंगे निघाले, काका काही निघाले नाहीत.

रविवारी ते दोघं आले. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, केसांत फूल. तिला मी खुर्चीत बसवलं. लक्सू पेटीसमोर आला आणि थांबला.

“दादा, गाठी?”

आणि मी म्हणालो — हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही — मी म्हणालो, “निघताना तूच तर काढल्यास ना सगळ्या?”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग जोडायला बसला. दोन तास. मावशी हात जोडून ऐकत होती. प्रत्येक शिट्टीला तिची मान थोडी पुढे यायची, मग मागे जायची. शेवटी तिने विचारलं, “रघू, तू होतास ना इथं? तू तरी ऐकलास?”

“नाय मावशी. असाच काय तरी आवाज होता. शिट्टीसारखा.”

ती लक्सूला म्हणाली, “रागावत नाय मी. पन एवड्या लांब कशाला आनलास, बाबा? खोटा कशाला बोललास?”

लक्सूच्या हातात तेव्हा एक तार होती. तिच्या टोकाला एक गाठ अर्धी राहिली होती, कात्रीने कापलेली. त्याने ती अंगठ्याने चाचपली. जाळी विणणाऱ्या हाताला तुटलेला दोरा आणि कापलेला दोरा वेगळा कळतो. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याने तो तुकडा सोडवला, खिशात ठेवला, आणि म्हणाला, “चल आय. बस चुकंल.”

आईसमोर त्याने माझं नाव घेतलं नाही. स्वतःवर खोटेपणा घेतला आणि गेला. त्याच वर्षी तो जहाजावर लागला, पुढे ऑस्ट्रेलियाला राहिला. मला हॉटेलचं काम मिळालं. नात्यात कुणी विचारलं तर मी म्हणायचो, लक्सू स्वप्नाळू, बढाईखोर. सगळ्यांनी मानलं.

इथवर न समजण्यासारखं काहीच नाही. एका माणसाने भावाला फसवलं, एवढंच. आता पुढचं.

१९८२. जुलै महिना, मंगळवार, दुपारचे तीन. गिऱ्हाइकाच्या टेपरेकॉर्डरचं हेड नीट बसवायला मला एक सरळ, न हलणारा सूर टेप करायचा होता. म्हणून सिंथेसायझरचा एकच ऑसिलेटर घेतला. दोन तारा: एक टेपला, एक स्पीकरला. फिल्टर नाही, कीबोर्ड नाही. टेप फिरत होती. सूर पत्र्याच्या कडेसारखा सरळ चालला होता.

आधी खोकला आला.

लक्सूने काढलेल्या आवाजात खोकला नव्हता. त्याने तो कधी करूनच पाहिला नव्हता. स्पीकरमधून काका खोकले, जसे झाकरीआधी खोकायचे, आणि मग ती हाक आली, मध्यावर फाटलेली. आणि हाकेत या वेळी शब्द होता. “हो... गोजरे... गोजरे...”

मी खुर्ची मागे ढकलून उठलो. तेवढ्यात आतून माझी बायको आली, हाताला फराट्याच्या रोट्यांचं पीठ. ती उत्तरेकडच्या गुडलँड्सची, काकांना तिने कधी पाहिलंही नव्हतं, ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी आमचं लग्न झालं.

“आवो, कोन आलाय? तो म्हातारा कुनाला हाका मारतोय?”

“कुठला म्हातारा?”

“आता खोकला नाय का? गोजरे, गोजरे करतोय. ही गोजरा कोन?”

मावशीला सगळे लक्सूची आय म्हणायचे. गोजरा हे नाव फक्त काका घ्यायचे, तेही घरात. मी लहानपणी ऐकलेलं. बायकोला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

टेप मी शंभरदा तरी ऐकली असेल. तिच्यावर तो सरळ सूर आहे, खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, आणि बायकोचे शब्द आहेत, स्वच्छ: ही गोजरा कोन? काकांचा आवाज टेपवर नाही. एवढासुद्धा नाही.

त्या रविवारी मी सूयाकला गेलो. का गेलो माहीत नाही; सांगून टाकायलाच निघालो होतो बहुतेक. मावशी पडवीत ब्रेदची पानं खुडत बसली होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, “रघू ना? बस. मंगळवारी ते आले होते.”

“कोण?”

“तुजे काका. तीनच्या सुमाराला. अशीच भाजी खुडत होते मी. खोकले, आनि हाक मारली. माज्या नावानं.” तिचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. “लक्सू खोटा नव्हता रे. त्यानं बोलावला होता बापाला. तीन वर्सं उशिरा आला, पन आला.” मग तिने हात पुढे करून माझं मनगट धरलं. “तुज्या यंत्रातून आला ना? तू ऐकलास ना? तू एकदा हो म्हन. मी आजच्या आज मास्तरांकडून पत्र लिहून घेते, लक्सू, ये, रघूनं पन ऐकला म्हनून. मी नुसती बोलले तर त्याला वाटंल, म्हातारी त्याला बोलावायला काय पन सांगते. तू साक्षी हायस.”

किती सोपं होतं. एक शब्द. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग त्या रविवारी नाही का म्हणालास? आणि मग तारा, दोरे, कात्री.

“नाय मावशी,” मी म्हणालो. “मी काय नाय ऐकला. वारा असंल.”

तिने माझं मनगट सोडलं. मांडीवरची पानं गोळा केली. “असंल,” म्हणाली. “वय झाला माजा.”

पत्र गेलं नाही. पुढच्या वर्षी मावशी गेली. लक्सू आला नाही. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

नंतर मी ती पेटी पुरती उकलली. एखादं रेडिओ स्टेशन त्यात घुसतंय का पाहिलं. वीज, अर्थिंग, टेपचं हेड, स्पीकरची लांब तार... सगळं. दोन तारांच्या जोडणीत खोकला कुठून येईल? तो एका घरात स्पीकरमधून आणि त्याच वेळी बेटाच्या दक्षिण टोकाला पडवीत कसा ऐकू येईल? आणि टेपवर का नसेल? मला तेव्हा कळलं नाही, आज कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, पण वारा म्हणू नका. ते मीच एकदा म्हणून चुकलोय.

कापलेले दोरे मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. फेकायची हिंमत झाली नाही. या पत्रानंतर मोजले: शेहेचाळीस. तेवीस तारा, शेहेचाळीस टोकं. सुनीताने पाठवलेला तुकडा वेगळा. कापलेल्या कडा जुळतात का ते मी भिंगाखाली लावून पाहिलं. एका दोऱ्याशी जुळतात. डबा उद्या पोस्टात टाकतोय, त्यात सगळे शेहेचाळीस, तो तुकडा, आणि हे लिहिलेलंही.

सुनीता, तू विचारलंस, मी ऐकला होता का. तुझ्या आजीनेही हेच विचारलं होतं.

हो, मावशी. ऐकला. दोन्ही वेळा मी तिथेच होतो.