एकट्याने या, असं डॉक्टर म्हणाले

"डिप्रेशन," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याऐवजी माझ्या थोरल्या भावाने मान हलवली.

यवतमाळच्या त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही डॉक्टर धरून सहा जण होतो. आजारी मी एकटा, पण खुर्ची दादाला मिळाली होती, कारण बोलणार तो होता. माय स्टुलावर बसली होती. माझी बायको सुमन दाराला टेकून उभी होती. मला तपासणीच्या टेबलाची कड मिळाली होती. आणि मधोमध, मार्च महिन्यात लोकरीचा कोट घालून, संपतकाका उभे होते. ते बोरी अरबच्या आमच्या वस्तीच्या पंचमंडळाचे अध्यक्ष. मंडळात अध्यक्षाशिवाय दुसरं कुणी आहे की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"झोप कशी आहे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"कायची झोप, साहेब," दादा म्हणाला. "कोंबडं आरवाच्या आधी उठून बसते अन् भिंतीकडं पाह्यते."

"भूक लागते?"

"ताट ठेवलं का ताटाकडं पाह्यते."

"रडू येतं का?"

"नाही जी," माय म्हणाली. "माहा पोरगा रडनारा नाही."

शाळेच्या मागच्या भिंतीआड मी जवळजवळ रोज रडत होतो. पण खोलीत खोटं कुणी बोलत नव्हतं. ज्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं तो सांगत होता.

"घरात आधी कुणाला असा त्रास होता?"

"कोनालेच नाही," दादा म्हणाला. "अख्ख्या वस्तीत नाही," असं म्हणून संपतकाकांनी त्यावर शिक्का मारला.

डॉक्टर नागपूरचे होते, पंधरा दिवसांतून एकदा यवतमाळला येत. त्यांनी सावकाश समजावलं. डिप्रेशन म्हणजे मन खचण्याचा आजार. दुःख वेगळं, त्याचं कारण संपलं की ते ओसरतं. हा आजार कारण नसतानाही मुक्काम करतो, आणि झोप, भूक, विचार, चालणं, सगळं जड करून ठेवतो. उपाय तीन. इमिप्रामीन नावाची गोळी, जिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि जिने तोंड कोरडं पडतं. फारच वाढलं तर नागपूरला विजेचे शॉक. आणि तिसरा सायकोथेरपी, म्हणजे बोलून करायचा उपचार. दर खेपेला तासभर.

"त्यासाठी मात्र एकट्याने यायचं," डॉक्टर म्हणाले.

"एकट्यानं?" दादाने विचारलं. "मंग आम्ही कोठी बसाचं?"

"बाहेर."

शॉकच्या नावाने कुणी एवढं घाबरलं नव्हतं.

ज्यांना हा आजार झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात झाला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. एकट्याने डॉक्टरपुढे बसून बोलायचं की नाही, हा प्रश्न शहरातल्या माणसाला सोपा वाटेल. आमच्याकडे दवाखान्यात कुणी एकटं जात नाही. रोग्याबरोबर जितकी माणसं, तितकी त्याची पत. बोलायचं काम सोबत आलेल्यांचं, रोग्याने फक्त जीभ दाखवायची. जो एकटा येतो त्याला घरदार नाही असं समजतात, आणि कंपाउंडरही त्याला शेवटी आत सोडतो.

आजार कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येत नाही. वाचन गेलं तेव्हा मी सावध झालो. बोरीच्या मिडल स्कूलमध्ये मी इतिहास शिकवत असे आणि हाताला लागेल ते वाचत असे, किराणा बांधून आलेला कागदसुद्धा. त्या पावसाळ्यात वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात हरवू लागली. मग एक दिवस वर्गात फळ्याकडे वळलो, आणि परत पोरांकडे वळायचं कशासाठी ते कळेना. पोरं बराच वेळ गप्प बसली. अशा वेळी पोरं गोंधळ करतात, यावरूनच मला कळायला हवं होतं की त्यांनाही काही दिसलं आहे.

एरवी हा आजार घरातल्या घरात राहिला असता. माझ्या बाबतीत तो सार्वजनिक झाला.

छप्पन साली आमच्या वस्तीने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर घराघरातले देव गोळा केले आणि अडाण नदीत सोडले. ते टोपलं माझ्या डोक्यावर होतं, कारण शिकलेला मी. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. पण सहा-सात वर्षांनी मी फळ्यापुढे थिजलो, आणि गावात बोलणं सुरू झालं. पिठाच्या गिरणीवर एक जण माझ्या देखत म्हणाला, "टोपलं ज्यानं उचललं, त्याच्याच डोस्क्यावर देव बसले ना शेवटी."

त्या संध्याकाळी संपतकाकांनी वस्ती जमवली.

"गुरुजीले काय झालं हे आपुन ठरवलं पाह्यजे," ते म्हणाले. "नाही तं गाव ठरवते."

बराच खल झाला. ताप नको, तो सगळ्यांना दिसतो. छाती नको, लोक क्षय समजतात. शेवटी पोट ठरलं. माझा आजार असा बहुमताने मंजूर झाला, आणि मी भरल्या वस्तीत दूधभात खाऊ लागलो. मला दूध आवडत नाही. पुढे यवतमाळला बेरियम पाजून पोटाचे फोटो काढले. बेरियम म्हणजे खडूच्या पाण्यासारखं औषध, ज्याने आतडी फोटोत उमटतात. फोटो स्वच्छ आले. काकांना एवढं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "जरा बी खराबी नाही?" त्यांनी त्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्या डॉक्टरांनीच मग आम्हाला नागपूरच्या डॉक्टरांकडे धाडलं.

मी काकांची थट्टा करतो आहे, पण त्यांचं चुकत नव्हतं. मी खचलो हे कबूल केलं असतं, तर गिरणीवरचा माणूस खरा ठरला असता. लोकांनी पोरांना धाक घातला असता, दबकत कुणी पुन्हा शेंदूर आणला असता. एका माणसाच्या झोपेवर एवढं ओझं होतं. मला माझा म्हणून आजारीही पडता येत नव्हतं.

म्हणून एकट्याने जायचं की नाही हे ठरवायला मी खूप दिवस घेतले. गोळी सुरू केली. तोंड कोरडं पडलं, बाकी काही झालं नाही. घरात दादा रोज समजावत होता. तो कामाला होता त्या कापसाच्या जिनात चोरी झाली, तेव्हा पोलिसांनी त्याला एकट्याला बोलावलं होतं. तेव्हापासून बंद खोलीचा एकच अर्थ त्याला ठाऊक होता.

"एकट्याले बोलावते ते बयान घ्याले," तो म्हणाला. "तुले काय सांगाचं ते आमाले सांग ना. आमी काय मेलो काय?"

"तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही, दादा."

"मंग त्याले काय सांगशीन?"

माझा स्वतःचाही डॉक्टरांवर विश्वास नव्हता. त्यांच्या मागच्या भिंतीवर पदव्या इतक्या होत्या की चुना दिसत नव्हता. परक्या माणसापुढे तासभर बोलून मन बरं होत असेल, तर आमचा न्हावी वस्तीतला सगळ्यात निरोगी माणूस असायला हवा होता, असं मी सुमनला म्हणालो. ती हसली नाही. ती म्हणाली, "तुमी शाळेतून येता तवा इहिरीपाशी थांबता. मले दिसते घरातून."

मी जायचं ठरवलं ते उपचारावरच्या विश्वासाने नाही. जे तिला दिसत होतं ते मला तिच्यापुढे बोलता येत नव्हतं, म्हणून.

पहिला तास वाया गेला. दादा बाहेर बाकावर बसला होता आणि दाराखालून त्याच्या वहाणा दिसत होत्या. मी डॉक्टरांना शाळेचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. ते ऐकत होते. दुसऱ्या खेपेला मी जवळजवळ काहीच बोललो नाही, आणि त्यांनीही खेचून काढलं नाही. घरी येताना एस.टी.त दादाने विचारलं, "काय म्हनला?" मी म्हणालो, काही नाही. ते खरंच होतं, पण त्याला ते लपवल्यासारखं वाटलं. थेट बोरीपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. जाणाऱ्याने हे धरून चालावं. तुम्ही आत असता तेव्हा तुमचं माणूस बाहेर बसलेलं असतं, आणि ते दुखावतं. त्याला इलाज नाही.

पुढच्या कुठल्याशा खेपेला ते बाहेर आलं. ठरवून नाही. शाळेतून घरी येण्याच्या वाटेचं सांगताना विहिरीचं नाव निघालं, डॉक्टरांनी तिच्याबद्दल विचारलं, मी जे होतं ते सांगितलं, आणि त्यामागोमाग तेही निघालं.

"लोक म्हणतात देव कोपले," मी म्हणालो. "पहाटे मलाही तसंच वाटतं."

हे मी माझ्याच तोंडून ऐकलं आणि दाराखाली दादाच्या वहाणा दिसतात का ते पाहिलं. टोपलं वाहणारा मी. वस्तीला विवेकाची भाषणं देणारा मी. हे वाक्य दादापुढे, काकांपुढे, मायपुढे मी मेलो असतो तरी उच्चारलं नसतं.

डॉक्टरांनी मोठं काही सांगितलं नाही. "पहाटेच वाटतं? दुपारी?"

"दुपारी कमी. संध्याकाळी नाही."

"हा आजार पहाटे सगळ्यात जड असतो," ते म्हणाले. "ज्यांनी कधी देव सोडले नाहीत, त्यांनाही पहाटे असंच वाटतं. ते म्हणतात, आमच्याकडून पूजेत काही चुकलं."

मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. फक्त ती भीती मला पहिल्यांदा समोर ठेवून बघता आली. तोवर ती माझ्या आत बसून मलाच बघत होती.

त्याच आठवड्यात मायही बोलली. घरात ती आणि मी दोघंच होतो, ती तांदूळ निवडत होती. मी तिला सरळ सांगितलं, माझं पोट दुखत नाही, मन आजारी आहे.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तुह्या आज्याले असंच झालतं. असाच भिंतीकडं पाहत राहे."

"मग तिथं बोलली का नाहीस? डॉक्टरांनी विचारलं होतं."

"दादाले इचारलं व्हतं. मले कोनं इचारलं?" तिने एक खडा वेचून बाहेर टाकला. "अन् भरल्या खोलीत सासऱ्याचं कसं सांगू? तवा तं देव घरातच व्हते रे. रोज दिवा लागे."

मग तिने उरलेलंही सांगितलं. आजोबा एका पहाटे लोटा घेऊन बाहेर पडले. लोटा विहिरीच्या काठावर सापडला. मी लहान होतो, मला आजवर साप चावल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आजार ठरवून घेण्याची रीत आमच्या घरात काकांच्याही आधीपासूनची.

देवांच्या तावडीतून मी अशा रीतीने सुटलो आणि रक्ताच्या तावडीत सापडलो. यात आनंद मानावा की काय हे मला अजून कळलेलं नाही. माझी मुलगी लहान आहे आणि सकाळी लवकर उठते. ती उठून बसली की मी तिच्या तोंडाकडे पाहतो. डॉक्टरांना विचारलं, तिला होईल का. ते म्हणाले, होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. याहून गोड उत्तर त्यांना देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही, म्हणून मी अजून त्यांच्याकडे जातो.

आता ते यवतमाळला येत नाहीत. मला नागपूरला जावं लागतं. गोळीने झोप परत आणली. वाचन थोडं परतलं आहे, पण जाड पुस्तक पाहिलं की छाती दडपते. वाईट पहाटा येतात. मी बरा झालो नाही. उपचार घेतला की माणूस पूर्ववत होतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्या भिंतीवरच्या पदव्या मोजा आणि घरी या. गोळी घेऊ नका असं मी म्हणत नाही. ती नसती तर बोलण्याइतकंही बळ मला आलं नसतं. पण जे तुम्हाला जीव लावतात, त्यांच्यापुढे न बोलता येण्यासारखं काही तुमच्यापाशी असेल, तर एकदा एकटे जाऊन बघा. नसेल तर तुम्ही भाग्यवान आहात, गोळीवर भागेल.

मायने सांगितलेलं मी दादाला गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. तो रागावेल असं मला वाटलं होतं. पण त्याने विचारलं, "मोती, तुले फायदा झाला काय खराच?"

"झोप येते. बाकी बरंचसं तसंच आहे."

"मंग एवढ्या दूर जातं कायले?"

"तिथं मला बरं असल्याचं दाखवावं लागत नाही."

दादाने पाय वर घेतले आणि गुडघ्यांना हातांचा विळखा घातला. आयुष्यभर आमच्या सगळ्यांच्या वतीने बोललेला माणूस, त्याला शब्द जुळवायला वेळ लागला.

"येत्या खेपीले मलेबी ने," तो म्हणाला. "एकट्याले घेईन काय तो मले?"

मी म्हणालो, घेईल. त्याला काय होतंय ते मी विचारलं नाही.