उतारावरचे फटाके

बाबांचं दुकान म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी शेड. पुढे बाबा जुन्या गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे आणि मागे, काचेच्या दाराआड, आई त्याच गाड्यांच्या सीटा शिवायची. एकतीस वर्षं दोघं एका छपराखाली राबत होते, पण एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही हे ठरलेलं होतं.

बाबांना सगळे 'कानवाले' म्हणत. गाडी फाटकातून आत येईपर्यंत ते दुखणं सांगून मोकळे व्हायचे. "बॉनेट उघडावं लागलं की यांना कमीपणा वाटतो," असं आई म्हणायची.

त्या वर्षी मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी लागली होती आणि मी घरी आले होते. एका सकाळी भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई गडद हिरवी गाडी घेऊन आल्या. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, आणि बाईंपेक्षा वयाने मोठी. भाऊ शेजारच्या सीटवर बसले होते. आजारपणानंतर त्यांचं बोलणं जवळजवळ गेलं होतं.

"चढावर काही नाही," बाई म्हणाल्या. "सपाटीलाही नाही. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागून फटाके फुटतात. दादा इतका दचकतो की दार घट्ट धरून ठेवतो. रोजची एक फेरी हेच त्याचं सुख आहे हो, आणि आता गाडीत बसायलाच घाबरतो."

बाबांनी भावाकडे बघून मान डोलावली. "होईल, दादा. दोन दिवस द्या."

पाय काढला की थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. वाटेत त्याला कुठून तरी ताजी हवा मिळाली, की ते तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं. हे बाबांनी मला लहानपणीच समजावलं होतं. म्हणजे एक तर कार्ब्युरेटर पेट्रोल कमी सोडतोय, नाही तर ठिणगी उशिरा पडतेय, नाही तर एखाद्या सांध्यातून हवा आत येतेय. बाबांनी प्लग काढून पाहिले, रंग छान बदामी होता. ठिणगीची वेळ दिव्याने तपासली, तीही बरोबर. मग इंजिन चालू करून त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका सांध्यावरून फिरवलं.

"सांधे ठणठणीत आहेत," ते म्हणाले, आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला.

बाई गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या. या वेळी भाऊ बरोबर नव्हते. "तो यायला तयारच होईना," एवढंच त्या म्हणाल्या. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी कार्ब्युरेटर पूर्ण खोलला, धुतला, परत बसवला. मी गाडी उतारावर नेऊन आणली. फट्, फट्, फटाक!

संध्याकाळी दुकान आवरताना आई सहज बोलल्यासारखी बोलली, "सकाळी गाडी चालू केलीत ना, तेव्हा इंजिनापाशी काहीतरी फुसफुसत होतं. नंतर थांबलं."

"मी नळी लावून ऐकलंय," बाबा ताडकन म्हणाले. "तू तुझ्या सीटा बघ."

आईने काचेचं दार ओढून घेतलं.

मला तेव्हा कळलं नव्हतं, पण आईला वर्षभर ठाऊक होतं. इंजिनाची धडधड बाबांना स्पष्ट ऐकू यायची. बारीक आवाज मात्र हळूहळू निघून गेले होते: कुकरची शिटी, दाराची घंटा, पत्र्यावरून पळणारी खार. आई घंटा वाजली की स्वतःच उठायची. गिऱ्हाईक हळू बोललं की काचेच्या दारातून डोकावून तोच प्रश्न मोठ्याने विचारायची. बाबांना वाटायचं, हिला भोचकपणा करायची सवय लागली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी दुकानात पोचली होती. आम्ही गेलो तर गाडीच्या चाकाशी एका वाटीत साबणाचा दाट फेस आणि त्यात तिचा सीटा साफ करायचा ब्रश.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"इंजिन गार आहे तोवर चालू करा. तू मागच्या नळीच्या तोंडाशी फडकं धर," ती मला म्हणाली.

इंजिन चालू झालं. मी फडकं दाबून धरलं. आईने वाकून, जिथे इंजिनातून धुराची नळी बाहेर पडते त्या सांध्याला फेस फासला. पुढून काही नाही. मग तिने हात आत घालून मागच्या कोपऱ्याला ब्रश लावला. तिथे एक बुडबुडा आला, लिंबाएवढा फुगला आणि फुटला. मागोमाग दुसरा.

"बघा," आई म्हणाली. "ऐकू येत नसेल तर नसू दे. डोळे आहेत ना तुमचे!"

बाबांनी इंजिन बंद केलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही मला तिसऱ्यांदा 'काय?' विचारलंत आणि मग न ऐकताच हो म्हणालात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

बाबा स्टुलावर बसले. "कानवाल्याचे कान गेले म्हटल्यावर इथे येणार कोण?" आईने ओला हात पदराला पुसला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. मी फडक्याच्या घड्या घालत बसले.

सांधा खोलला तर मागच्या कोपऱ्यात सांध्यामधली गॅस्केटची पट्टी जळून फट पडली होती. इंजिन गार असताना तिथून हवा फुसफुसायची. तापल्यावर लोखंड फुगून फट जवळजवळ मिटायची, म्हणून आवाज थांबायचा. पण पाय काढला की तेवढ्याशा फटीतूनही हवा आत ओढली जायची. बाबांनी नवी तांब्याची गॅस्केट बसवली, नट आवळले, इंजिन तापवून पुन्हा एकदा आवळले.

दुपारी बाईंनी भावाला कसंबसं समजावून आणलं. गाडी बाबांनी चालवली, मागे बाई आणि मी. उताराच्या तोंडाशी दादांनी दार घट्ट धरलं. बाबांनी पाय काढला. गाडी घरंगळत खाली निघाली, इंजिनाची नुसती घरघर. अर्ध्या उतारावर दादांची बोटं सैल झाली. खाली पोचल्यावर त्यांनी वळून वरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"परत?" बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

आम्ही तो उतार चारदा उतरलो.

पुढच्या आठवड्यात बाबा कान तपासून आले. मशीन घेतलं, पण ते अर्धा वेळ खिशातच असतं. गिऱ्हाइकांना मात्र आता सरळ सांगतात, "बारीक आवाज मला येत नाही. बाईसाहेबांना विचारा." मग आई शिलाई सोडून बाहेर येते, कपाळाला आठ्या घालते, इंजिनावर वाकते, आणि बाबा शेजारी उभे राहून ती काय सांगते याची वाट बघतात.