काचेच्या पेटीवरचा तवंग

माझा बाप, म्हणजे आमचा बा, हिंगोलीच्या बाजारात कंदील बनवायचा. पत्रा कापायचा, कथलाचा डाग देऊन जोडायचा, काचा बसवायचा. लढाईची वर्षं होती आणि काच मिळेनाशी झाली होती. तशात कचेरीतल्या एका साहेबानं स्वतःच्या काचा देऊन मासे ठेवायची पेटी करायला सांगितली. पेटी झाली आणि साहेबाची बदली झाली. तो परत आला नाही, पेटी आमच्या घरात राहिली.

बाजूंना चार काचा, खाली पत्र्याचा तळ आणि सांधे बुजवायला जवसाच्या तेलात मळलेली खडूची लांबी. बाला त्या काचा कंदिलांना लावायच्या होत्या. मी म्हणाले, आधी मासे ठेवून बघू. मी अकरा वर्षांची होते, चौथी होऊन शाळा सुटली होती. कयाधूवर धुणं धुवायला गेले तेव्हा जुन्या लुगड्यात पाच मासे धरले. बोटाच्या पेराएवढे होते.

तोवर मी मासा पाहिला होता तो पाण्यात वरून, नाही तर ताटात. बाजूनं कधीच पाहिला नव्हता. कल्ले उघडतात, मिटतात, डोळा फिरतो, तोंड हलतं. मी जेवायची विसरले. आळीतल्या बाया आल्या, त्याही तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. मासे कोणते आणि बाया कोणत्या, सांगणं अवघड होतं.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर तवंग आला. पातळ, चकचकीत, बोट लावलं तर बाजूला सरकायचा आणि पुन्हा जुळायचा. मासे वर येऊन हवा गिळत होते. पाण्याला वासही येत होता.

माय म्हणाली, “घाण झाली. पाणी बदल, न्हाई तर पेटीच फेक.” आणि तिनंच घागर उचलून दिली. तांब्याची घागर, सकाळी चिंचेनं घासून लख्ख केलेली, पाणी आडाचं. तांब्याचं पाणी चोख, हे आम्हाला जन्मापासून माहीत. मी पेटी रिकामी करून ते पाणी भरलं. दुपारपर्यंत तीन मासे उलटे तरंगले.

बा जेवायला घरी आला, त्यानं पाहिलं.

“वरातीच्या कंदिलांची मागणी आली,” तो म्हणाला. “पुढच्या बाजाराला सहा कंदील द्यायचेत. तवर हे दोघं जगले तर पेटी राहील. मेले तर काचा कापतो.”

“आणि जगले तर?”

“तर कंदिलाच्या काचांचं मी बघून घेतो. पण जगत न्हाईत.”

मी ते दोघे उचलून मातीच्या परळात टाकले, माठातलं पाणी घातलं आणि मांजराच्या भीतीनं उंच फळीवर ठेवले. संध्याकाळी पाहते तर दोघेही शेपट्या हलवत फिरत होते! मी ओरडलेच. माठातलं पाणीही त्याच आडाचं होतं. मग फरक कशाचा? भांड्याचा. दुसरं काहीच नव्हतं.

मी डबक्यातून बेडकाची पिल्लं आणली, दोन वाडग्यांत सारखी वाटली. एकात घागरीचं पाणी, एकात माठाचं. दुसऱ्या दिवशी घागरीकडची मेली आणि माठाकडची वळवळत राहिली. मला पिल्लांचं वाईट वाटलं नाही. मला इतका आनंद झाला की मी वाडगे हातात घेऊन दुकानापर्यंत पळत गेले.

बा म्हणाला, “हे काय दाखवून राहिली? मेलेले बेडूक?”

“तांब्यानं मेले, बा! माणसाला चालतं ते माशाला न्हाई चालत.”

“बरं. आणि तवंग? तोबी तांब्याचाच?”

तवंग तर घागरीचं पाणी घालायच्या आधीच आला होता. मी म्हणाले, “तुमच्या लांबीतलं तेल सुटून राहिलं असंल.”

शेजारचा दुकानदार हसला. बाला झोंबलं. “माझी लांबी? निजामाच्या कचेरीत कंदील लागले माझे, आजवर एक थेंब न्हाई गळला!”

मग मी लांबी तपासली. पेटी राखेनं घासली, माठाचं पाणी भरलं आणि मासे न टाकता तशीच ठेवली. दोन दिवस पाणी आरशासारखं राहिलं. बा दोन्ही दिवस येऊन मिशीवरून हात फिरवत बघून गेला. ठीक, लांबी निर्दोष सुटली.

तिसऱ्या दिवशी मासे पेटीत सोडले. त्यांना तिथं बरं वाटलं, मला त्याहून बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तवंग.

बाजाराला तीन दिवस राहिले होते. रिकाम्या पेटीवर तवंग नाही, मासे टाकले की येतो. मासे काही तेल गाळत नाहीत. म्हणजे माशांसाठी कोणीतरी काहीतरी टाकत असणार. मी पुढच्या सकाळी लवकर उठून दाराआड बसले. थोड्या वेळानं माझी आत्या आली. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत कणकेच्या बारीक गोळ्या. एकेक गोळी टाकत ती देवाचं नाव घेत होती.

“आत्या! हे काय?”

ती दचकली नाही. “पुण्य करते. नदीवर जायला पाय चालत न्हाईत. घरातच मासे आले, तर काहून सोडू?”

“किती टाकता?”

“एकशे आठ.”

“दोन माशांना?”

“देव मोजतो, मासे न्हाई मोजत.”

मी तिचा हात धरून बघितला. तळवा तेलानं चकाकत होता. कणीक चिकटू नये म्हणून ती तेलाचा हात लावून गोळ्या वळायची. उरलेल्या गोळ्या तळाशी कुजत होत्या, वास त्यांचा, आणि तवंग तेलाचा. मला नाचावंसं वाटलं, पण आत्या नाराज झाली असती.

“आत्या, दोनच टाका. कोरड्या हातानं. बाकीच्या एकशे सहा कयाधूत टाकून येते मी.”

“तू टाकशील तर पुण्य तुला.”

“तुमच्या नावानं टाकते.”

ती विचारात पडली. “बराबर नाव घे माझं.”

आता वरचा तवंग काढायचा होता. वाटीनं काढला तर निम्मा तिथंच राहायचा. शाळेच्या जुन्या वहीचं एक पान मी पाण्यावर आडवं टाकलं आणि काठाकडे ओढलं. पान उचललं तर तेल पानाला आणि मागं स्वच्छ पाण्याचा पट्टा! दुसरं पान, तिसरं पान. पाचव्या पानाला घरातला उजेड पाण्यातून तळापर्यंत गेला. तळातल्या गोळ्या मी चाळणीनं काढल्या, दोन तांबे पाणी काढून माठातलं घातलं. मासे वर यायचे थांबले आणि मध्ये फिरू लागले. मी आत्याला, मायला, शेजारणीला, सगळ्यांना हाका मारल्या.

बाजाराच्या सकाळी सहाही कंदील तयार होते, फक्त काचा राहिल्या होत्या. बा काच कापायची हिरकणी कमरेला खोचूनच आला. पेटीसमोर उकिडवा बसला. एक मासा काचेजवळ येऊन त्याच्याकडे बघत थांबला. बानं हिरकणीच्या मागच्या टोकानं काचेवर टकटक केलं, मासा झटकन वळला.

“जिते हायेत,” तो म्हणाला.

मग उठून त्यानं आमच्या भिंतीतल्या कपाटाच्या दारांच्या काचा सैल केल्या आणि कंदिलांसाठी त्याच खाली काढल्या. माय स्वयंपाकघरातून ओरडली, “आता कपाटात उंदीर शिरतील!”

“शिरू दे,” बा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “पेटी तुझी. पण घरात जागा पुरली न्हाई तर तू ओसरीवर निजशील.”

मी म्हणाले, “निजते.”