दोन-दोन नगांचं काम

ती माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली गल्लीतला जो तो तिला आपली म्हणायला लागलाय. लेथवर उभी राहिली की लोखंड तिचं ऐकतं. आमच्या घराण्यातच आहे ते. मी सातवीत शाळा सोडली, पण माझ्याइतकी सरळ कानस कोणी मारून दाखवावी.

समोर दिसतो त्या कारखान्यात तिनं नऊ वर्षं काढली. मालकानं भलीमोठी ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा ही एवढंच म्हणाली की आपल्याकडे कामं येतात दोन-दोन, पाच-पाच नगांची, रोज नवीन. ही मशीन एकच नग हजार वेळा कापायची. कापायला चार मिनिटं आणि जॉब बदलून सेटिंग करायला अर्धा दिवस. महिनाभर घड्याळ लावून तिनं सगळं कागदावर मांडलं होतं. मालकानं तो कागद सगळ्यांसमोर फाडला.

"भांडी घासणाऱ्या हातांनी मशीन निवडायची नसते, बाई."

लोक हसले. संध्याकाळी नोकरी गेली.

आईला वाटलं, पोरगी रडेल. ती पोटभर जेवली, हात धुतले आणि मला म्हणाली, "दादा, त्याच्या गेटासमोरचा गाळा रिकामा आहे ना?"

मशीन घ्यायला मी बरोबर गेलो. मी नसतो तर तिला कोणीही गंडवलं असतं. मला एक चकचकीत धूड पसंत पडलं होतं, मालकाचं तोंड उतरेल असं. हिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. विकणारा बिचारा वेग सांगत होता, ताकद सांगत होता, आणि ही आपली एकच विचारत होती, एक जॉब उतरवून दुसरा चढवायला किती वेळ? मी हळूच म्हटलं, अगं, एवढीशी मशीन बघून लोक हसतील.

"मला दिसायला मोठी नकोय, दादा. बदलायला सोपी हवी."

शेवटी एक जुना लेथ आणि एक छोटी मिलिंग मशीन घेतली. मिलिंगच्या टेबलावर तिनं दोन पिना बसवल्या. प्रत्येक जॉबची पकड आधीच वेगळ्या प्लेटवर बांधलेली. एक प्लेट उचलायची, दुसरी पिनांवर बसवायची, पाच मिनिटांत काम चालू.

वर्षभर जेमतेम चाललं. मग गावातल्या एका छापखान्याची छपाईची मशीन बंद पडली. तिथल्या मेंटेनन्सवाल्यानं आम्हाला आणि मालकाला एकच यादी दिली. चौदा प्रकारचे भाग, प्रत्येकी दोन नग. गुरुवारी दुपारी बारापर्यंत जो पूर्ण संच देईल, वर्षाचं काम त्याचं. ते हातचं गेलं असतं तर आमचा गाळा बंद, आणि कुलूप लावायचं ते मालकाच्या डोळ्यांदेखत.

गुरुवारी अकराला आम्ही चौदाच्या चौदा प्रकार छापखान्यातल्या टेबलावर मांडले. बाराला मालक आला, टेंपो भरून. एवढं सेटिंग केल्यावर फक्त दोन नग कापायला त्याचं मन धजेना, म्हणून प्रत्येकाचे चाळीस-चाळीस कापले होते. आरशासारखे नग, पण प्रकार पाचच. बाकीचे नऊ सोमवारी देतो म्हणाला. मेंटेनन्सवाल्यानं विचारलं, हे वरचे अडतीस कानात घालू का?

हिनं एक नग उचलला, उजेडात फिरवून बघितला.

"काम छान आहे, मालक. भांडी घासणाऱ्या हातांना मात्र दोनच जमले."

मला वाटलं, झाली फिट्टंफाट. घरी येताना म्हणाली, अजून नाही. मालकाची ती मशीन लावता येणारा सेटर एकच होता. तिनं मला तडक त्याच्या घरी धाडलं. माझ्या बोलण्यापुढे कोण टिकतो? चहा संपायच्या आत हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सेटरनं कारखान्याच्या किल्ल्या मालकाच्या हातात ठेवल्या आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. मागोमाग मालक गेटापर्यंत आला, पायात चपलाही नाहीत.

"बाई, निदान आठवडाभर तरी राहू दे त्याला."

हिनं पिनांवर प्लेट बसवली. मान वर केली नाही.

"दादा, शटर जरा खाली घे. समोरून ऊन येतंय."