बच्छावसाहेबांचा धप्पा

सर्व नागरिक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की आमच्या कॉलनीतले एक प्रतिष्ठित रहिवासी, हौशी नट, गणेशोत्सवात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालेले आणि लग्नाच्या पंगतीत हमखास हसवणारे गृहस्थ — म्हणजे मी — आज एक अत्यंत गंभीर निवेदन करणार आहेत. तरी कृपया शांतता राखावी. रिक्षावर भोंगा लावून पालिकेची माणसं ‘उद्या पाणीपुरवठा होणार नाही’ असं ज्या सुरात सांगत फिरतात, त्या सुरात हे वाचा. मला तो सूर फार जमतो. आणि सूर लागला की पुढचं बोलायला जरा धीर येतो.

कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गंमत बघा — गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐकली आहे. इंजिनिअरला घाण पाण्यात धप्पा दिला, ती. येवल्याला मेहुणीच्या लग्नात मी ती सांगत होतो तेव्हा वाढपी वरणाची बादली हातात धरून उभाच राहिला होता, आणि मुलीकडचे लोक भात तसाच ठेवून हसत होते. दहा वर्षं होत आली, गोष्ट अजून चालते. तिच्यात सगळं खरं आहे. फक्त काही जागा मी गाळतो. त्या जागाच आज सांगायच्या आहेत — म्हणजे बघू, जमतं का.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमची गल्ली नाशकात, नासर्डी नदीच्या अंगाला, उतारावर. वरच्या बाजूला भराभर इमारती उठल्या आणि त्या सगळ्यांचं सांडपाणी आमच्याच जुन्या, अरुंद पाइपात सोडलं गेलं. पाऊस लागला की पाइप ते परत करायचा. मोरीच्या जाळीतून आधी एक बुडबुडा यायचा — अगदी नम्रपणे, दार वाजवल्यासारखा. मग काळं पाणी. मग त्या पाण्यात जे असतं ते. तुमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीखाली, दुसऱ्याच्या घरची घाण तरंगताना तुम्ही पाहिली आहे का? नसेल तर माणसं अशा वेळी एकमेकांचं काय करतात तेही तुम्हाला माहीत नसणार.

सगळ्यात खालचं घर भास्करचं. विंचूरकडचा माणूस, फुलांचा टेम्पो चालवायचा. राकट हात, पण झेंडूच्या जाळ्या उतरवताना असा जपून ठेवायचा, जणू आत अंडी आहेत. एका पावसात त्याने दारासमोर वाळूची पोती रचली. पाणी वळून वरच्या घरात शिरलं. वरचा शेजारी बाहेर आला, त्याने पोती लाथेने उधळली, भास्करने त्याची गचांडी धरली, आणि शेजाऱ्याने फावड्याच्या दांड्याने भास्करचं डोकं फोडलं. काल एकमेकांच्या घरी सत्यनारायणाचा प्रसाद खाल्लेली माणसं. रक्त बरंच पडलं, पण त्या पाण्यात दिसलंसुद्धा नाही.

तेव्हा ठरलं, रीतसर अर्ज करायचा. लिहिणार कोण? नाना. म्हणजे मीच. अंबडच्या कारखान्यात टाइमकीपर, कामगार नाट्यस्पर्धेत दोन बक्षिसं, अक्षर वळणदार. मी फर्मास अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि लुनावर बसून वॉर्ड ऑफिसला गेलो. अर्ज घेण्याची खिडकी चारला बंद होते. मी पोचलो चार वाजून पाच मिनिटांनी. आतला कारकून मान वर न करता म्हणाला, मंगळवारी या.

संपलं. एवढंच घडलं. कोणी ओरडलं नाही, कोणी हाकललं नाही.

पण परत आलो तर कोपऱ्यावर दहा-बारा माणसं घोट्याभर पाण्यात माझी वाट बघत उभी. भास्करच्या डोक्याला पट्टी. ‘काय झालं, नाना?’ आता तुम्हीच सांगा — असं प्रेक्षागृह भरलेलं असताना, खिडकी बंद होती, असं कोण सांगेल? माझ्या तोंडातून एक साहेब बाहेर पडला. जाडा, पानाचा तोबरा भरलेला, नाकात बोलणारा. तो मला काय म्हणाला, मी त्याला कसं सुनावलं, तो कसा खुर्चीत हलला — सगळं तिथल्या तिथे उभं केलं. माणसं हसली. भास्कर पट्टी धरून हसला. मी स्टेजवर उभा राहिलेला माणूस आहे हो. हशाचा तो आवाज मला ओळखीचा होता, आणि तो पुन्हा ऐकायचा होता.

मंगळवारी मी गेलो नाही.

दोन वर्षांत मी सात अर्ज लिहिले. सातही माझ्या मेकअपच्या पेटीत होते, दाढी-मिशांच्या खाली. ऑफिस काही चंद्रावर नव्हतं, लुनावर वीस मिनिटं. पण खरा अर्ज दिला असता तर खरा साहेब भेटला असता — आणि खऱ्या साहेबाचं मी काय करणार होतो? समोरच्या कुलकर्णीकाकू एकदा म्हणाल्या, “नाना, अर्ज दिला की शिक्का मारून पोच देतात. ती जपून ठेवत जा.” मी साहेबाच्या आवाजात म्हणालो, “शिक्का मोडलाय आजी, तुम्हीच या अंगठा घेऊन.” त्यासुद्धा हसल्या. पोच पुन्हा कुणी मागितली नाही.

मग भास्करच्या पिंकीला कावीळ झाली. सहा वर्षांची पोर, नळाला घाण मिसळलेलं पाणी येत होतं. तीन आठवडे सरकारी दवाखान्यात होती, डोळे हळदीसारखे. भास्कर माझ्याकडे आला. त्याने अर्जात तिचं नाव लिहायला लावलं. म्हणाला, “नाना, साहेबाला सांगा, लय नाजूक हाय पोरगी. लेकरू म्हनल्यावर तरी आइकल.”

मी लुना काढली. पंचवटीत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, जाऊन दोन तास बसलो आणि परत आलो.

भास्कर दारातच होता. काय म्हणाला साहेब? मी काही तयारी केली नव्हती. तोंड आपलं आपण उघडलं. “म्हणाला, कावीळ झाली तर उसाचा रस पाजा, आमच्याकडे काय येता?”

त्या दिवशी कोणी हसलं नाही. भास्करने हळूच विचारलं, “उसाचा रस?” आणि मी — तेव्हा तरी गप्प बसायचं होतं ना? — मी म्हणालो, “उसाचा रस.”

पिंकी बरी झाली. पण ते वाक्य त्या घरातून गेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, एका सकाळी, गल्लीत गुडघाभर पाणी असताना एक माणूस चालत आला. किडकिडीत, चष्मा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा. भास्करच्या घरामागे आम्ही पाणी जिरवायला खणलेला मोठा खड्डा होता, काठोकाठ भरलेला, काळा. तिथे उभा राहून त्याने नकाशा उलगडला. म्हणाला, मी बच्छाव, पालिकेचा इंजिनिअर. सटाण्याकडची बोली कानाला लागत होती. म्हणाला, दोन वर्षं मी या वॉर्डात आहे, ही लाइन बदलावी लागेल हे मला दिसतंय, अंदाजपत्रकही करून ठेवलंय. पण इथून एकही तक्रार नाही. रजिस्टर मी स्वतः बघतो. रहिवाशांचा अर्ज नसेल तर वर फाइल हलत नाही हो. तुम्ही लोक अर्ज का करत नाही?

सगळी गल्ली माझ्याकडे वळली.

भास्करला काही जुळत नव्हतं. माझा साहेब जाडा, हा वाळका. माझा पान खाणारा, याचे दात पांढरे. तो फार साधेपणाने म्हणाला, “नाना, ह्योच का त्यो?”

गोष्टीत मी ही जागा गाळतो. गोष्टीत साहेब येतो, माजोरडं बोलतो, आणि लोक भडकतात. पण तसं नव्हतं. माणसं भडकलेली नव्हती — बुचकळ्यात पडली होती. भास्कर मला विचारत होता, आणि त्याला ‘नाही’ ऐकायची तयारी होती. एक शब्द लागत होता. ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग तो जाडा कोण? आणि अर्ज कुठे आहेत?

मी म्हणालो, “हाच.”

आणि तेवढ्यावर थांबलो का? मी? मी नाशिकच्या जुन्या गावात वाढलेलो. आमच्याकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात — रस्त्याखालचे दगडी हौद, वर्षभर झाकलेले, त्या दिवशी रंगाच्या पाण्याने भरायचे आणि त्यात माणसाने अंग झोकून द्यायचं. त्या उडीला धप्पा म्हणतात. मी त्या काळ्या खड्ड्याकडे हात केला आणि म्हणालो, “अर्ज मिळाले नाहीत म्हणे. साहेबांची रंगपंचमी राहिलेली दिसते. द्या एक धप्पा.”

दोघे-तिघे हसले. भास्कर नाही हसला. त्याने बच्छावांच्या कानाखाली मारली — मूठ वळून. चष्मा उडाला. ते काही बोलायला गेले तर दुसरी. मग त्याने त्यांना कंबरेला धरून उचललं आणि खड्ड्यात फेकलं. ते वर आले तसं केसांना धरून पुन्हा आत दाबलं. “उसाचा रस पाज म्हनला व्हतास ना? पी. पी आता.” बच्छावांना कुठल्या उसाचं चाललंय हे कळणं शक्यच नव्हतं. वर आल्यावर ते श्वास घ्यायला तोंड उघडायचे आणि तेच पाणी आत जायचं. एकाने वीट मारली, ती खांद्याला लागली. हळूहळू सगळे आले — फावड्यावाला शेजारीही आला, भास्करच्या खांद्याला खांदा लावून. दोन वर्षांत ते दोघे पहिल्यांदा एका बाजूला होते. बच्छावांनी काठाची फरशी धरली तेव्हा कुलकर्णीकाकू पुढे झाल्या. झुरळ दिसलं तर मला हाक मारणाऱ्या काकू. त्यांनी चपलेच्या टाचेने ती बोटं चेचली. एकदा नाही. पकड सुटेपर्यंत.

आणि मी? भास्करच्या मागच्या पायरीवर उभा होतो. कोरडा. मधेच कुणीतरी माझ्याकडे वळून पाहिलं — हसायचं की थांबायचं, हे विचारावं तसं. मी हसलो.

थांबलं ते भास्करचे हात भरून आले म्हणून. मी थांबवलं नाही.

पुढचंही गोष्टीत नसतं. पोलीस आले. चिथावलं कुणी, असं त्यांनी विचारलं तर भास्कर म्हणाला, मीच. मी जबाब लिहून दिला की त्या वेळी मी घरात पूजेला बसलो होतो. सही वळणदार. भास्करची नोकरी गेली, कोर्टाच्या तारखा लागल्या, घर विकून तो विंचूरला परत गेला. निघताना पिंकीला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाला, “नाना, तुम्ही व्हता म्हनून आमचं कुनी तरी आइकलं.” बच्छावांचा उजवा कान कायमचा गेला, असं पुढे कळलं. आणि या प्रकरणाचा गवगवा झाल्यावर दोन महिन्यांत, अर्जाशिवायच, नवी लाइन पडली. त्याच गणपतीत मला शाल मिळाली. अर्ज अजून पेटीतच आहेत.

एक जागा राहिली.

गोष्टीच्या शेवटी साहेब खड्ड्यातून बाहेर येतात. मी गाल फुगवून, डोळे फिरवून, नाकात म्हणतो, ‘पाणी गार आहे हो.’ इथे टाळी असते. येवल्याला वाढप्याच्या हातून बादली पडली ती याच वाक्याला.

ते वाक्य माझं. बच्छावसाहेब बाहेर आले ते गुडघ्यांवर. कानातून रक्त येत होतं, चेचलेली बोटं छातीशी धरलेली. दोनदा ओकले. मग त्यांनी गर्दीत चष्म्याविना इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यांत त्यांना मीच जवळ दिसलो असेन, किंवा मी एकटाच कोरडा होतो म्हणून असेल — माझ्याकडे तोंड करून ते जे बोलले ते असं:

“एक अर्ज द्या हो कुणीतरी. आत्ता द्या... मी इथंच पोच देतो.”